अठ्ठावन्नावा ढीग

१

टार्बट सरोवरात पाणी नसतं. चार-पाच वर्षांतून एकदा मोठा पाऊस झाला तर घोटाभर साचतं, एरवी नुसतं मीठ. सकाळी ऊन चढू लागलं की वरची कवची तडकते आणि चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. कवचीखाली चिखल. चिखलाच्या खाली, पन्नास-साठ मीटरवर, एक जुनी नदी गाडलेली आहे. त्या नदीच्या तळाशी गोटे आहेत आणि गोट्यांत सोनं असेल, असं कंपनीला वाटत होतं. ते आहे की नाही हे बघायला आम्ही भोकं पाडत होतो.

काम साधं होतं. शंभर-शंभर मीटरवर खुंट्या मारलेल्या. प्रत्येक खुंटीपाशी मशीन उभं करायचं आणि खाली खडक लागेपर्यंत रॉड सोडायचे. रॉड तीन मीटरचा. कंप्रेसरच्या हवेनं खालची माती वर येते आणि बाजूच्या पिंपातून बादलीत पडते. एक मीटर खोदलं की एक बादली भरते. ती उचलून मिठावर पालथी घालायची, की झाला एक ढीग. दहा ढिगांची एक ओळ. ढीग मोजले की भोक किती खोल गेलं ते कळतं.

मशीन मी चालवायचो. बादल्या ट्रॉय उचलायचा. ट्रॉय माझा जावई, चौतीस वर्षांचा, खांद्यानं रुंद, बोलायला गमत्या. बादली पालथी घातली की फावड्याच्या दांड्यानं तिच्या तळावर तो दोनदा ठोकायचा, चिकटलेला चिखल सुटावा म्हणून.

कंप्रेसर चालू असला की शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात हातानं बोलतात. मूठ वर केली की थांब. पंजा डोक्यावर ठेवला की माझ्याकडे ये. चाळीस वर्षांत मी कामावर कुणाला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

निघायच्या दिवशी माझी मुलगी नरेल फाटकापर्यंत आली होती. सातवा महिना होता तिला. याआधी दोनदा पोटातलं गेलं होतं. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, याला नीट परत आणा. मला आता काही गमवायचं नाही."

मी आणतो म्हणालो.

२

दहाव्या दिवशी यास्ना चाळण आणि पाण्याची बादली घेऊन ओळींपाशी उकिडवी बसली होती. यास्ना भूगर्भशास्त्र शिकलेली. प्रत्येक ढिगातली मूठभर माती धुऊन बघायची आणि लिहून ठेवायची, हे तिचं काम. तोंडानं फटकळ, पण आम्हा दोघांना तिच्याबरोबर काम करायला आवडायचं.

"ट्रॉय, किती मीटर?"

"सत्तावन्न."

"इथे अठ्ठावन्न आहेत. मोजता येत नाही, की बोटं कमी पडली?"

"थांब, बूट काढतो. पायाची मोजायची राहिली."

मी हसलो. मदतनिसाचं मोजणं चुकतं कधी कधी. एक मीटर दोन बादल्यांत पडतो. पण मी सवयीनं रॉड मोजले. एकोणीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. आणि शेवटी खडक लागलेला माझ्या हातांना कळला होता, मशीनचा दांडा हातात थरथरला तेव्हा.

मी मशीनवरून उतरून ओळींपाशी गेलो. सत्तावन्न ढीग ओले होते, काळपट, लोण्यासारखे चकाकणारे. अठ्ठावन्नावा कोरडा होता. फिकट, चाळलेल्या पिठासारखा, त्यात सुपारीएवढे गुळगुळीत गोटे. टार्बटमधून कोरडी माती वर येत नाही. तिथे कोरडं असं काही नाहीच.

यास्नानं त्यातली मूठ धुतली. चाळण तिरकी करून बराच वेळ ती बघत राहिली. मग मला दाखवली. कडेला तीन कण होते, तांदळाच्या कण्यांएवढे. पिवळे.

तिनं ट्रॉयकडे वर बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"हे कुठून आणलंस?"

३

तिला तसं वाटणं साहजिक होतं. नमुन्यात बाहेरून सोनं टाकणं यासारखं दुसरं पाप आमच्या धंद्यात नाही. त्यावर शेअरचे भाव चढतात, लोक पैसे घालतात, आणि उघडकीला आलं की माणूस तुरुंगात जातो. नाही गेला तरी त्याला पुन्हा कुणी मशीनजवळ उभं करत नाही.

ट्रॉय म्हणाला, "यास्ना, माझ्याकडे एवढं सोनं असतं तर मी तुझ्या बादल्या उचलत बसलो असतो का?"

तिनं तो ढीग पिशवीत भरला आणि पिशवीवर आकडा न घालता ती वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशीच्या भोकाला त्रेपन्न ढीग असायला हवे होते. ओळीत त्रेपन्नच होते. चौपन्नावा ओळीपासून वीस पावलांवर होता. कोरडा.

त्याच्याभोवती पावलं उमटली होती. ट्रॉयची पावलं मशीनपासून ओळींपर्यंत जायची आणि परत यायची, मिठावर पायवाटच पडली होती. ही तशी नव्हती. ही सरोवराच्या मधल्या बाजूकडून आली होती, जिथे आमची एकही खुंटी नव्हती, आणि तिकडेच परत गेली होती.

ट्रॉयनं त्यातल्या एकावर आपला पाय ठेवला. बरोबर बसला. टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली, तीसुद्धा.

"कंपनीचे बूट," मी म्हणालो. "सगळ्यांना सारखेच मिळतात."

"अकरा नंबर तुझा नाही, म्हातारबा. यास्नाचाही नाही."

"आधी कुणी मोजणीवाला येऊन गेला असेल."

"आणि बादलीभर सोनं ओतून गेला."

पावलं गेली होती तिकडे मी बघितलं. सरोवराचा मधला भाग आम्ही दुरूनच बघायचो. तिकडे कवची पातळ आहे. एकदा हरवलेल्या मेंढपाळाला शोधायला लोक गेले होते तेव्हा त्याचा घोडा सापडला, छातीपर्यंत रुतलेला. माणूस सापडला नाही. ही गोष्ट माझ्या आजोबांच्या वेळची. शेवटच्या खुंटीच्या पलीकडे पाय टाकायचा नाही, हा नियम त्यानंतरचा असावा.

४

दहा वाजता आम्ही चहासाठी मशीन बंद करायचो. तिघं मशीनच्या सावलीत खाली बसायचो. थर्मासमधला चहा, नरेलनं डब्यात भरून दिलेली ओटची बिस्किटं, माश्या. कंप्रेसर थांबला की टार्बटवर जी शांतता होते ती कानांत दुखते. वारा असला तरी अडायला झाड नाही, म्हणून त्याचाही आवाज नाही.

पावलं दिसली त्या दिवशी यास्ना ट्रॉयशी बोलत नव्हती. ट्रॉय बिस्किटाचे तुकडे करून चहात बुडवत होता.

थप्प.

ओला नाही, कोरडा आवाज. आमच्या पाठीमागून, मशीनच्या पलीकडून. बादली पालथी घातल्याचा. मग टक. एकदाच.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या दोन्ही बादल्या समोर होत्या. एकीवर यास्ना बसली होती.

आधी ट्रॉय उठला. आम्ही मशीनला वळसा घालून गेलो. ओळींच्या पलीकडे, पन्नासेक पावलांवर, ढीग होता. त्याच्या टोकावरून धूळ अजून उतरत होती. बाकी आठ-दहा किलोमीटर पांढरं रान, आणि त्यात उभं असं काही नाही.

यास्नानं ढिगातली चिमूटभर माती बोटांत चोळली. मग ट्रॉयला म्हणाली, "हे तू केलं नाहीस."

"हेच तर कालपासून सांगतोय."

"मी अहवालात काय लिहू? शुक्रवारी कंपनीला पाठवायचाय. मी लिहिते की ढीग जास्त आले आणि त्यांत सोनं आहे. ते विचारणार, बादल्या कुणी उचलल्या?"

"ट्रॉय कॅलिनननं," ट्रॉय म्हणाला.

"मग सांग, मी काय लिहू?"

मी म्हणालो, चहा गार होतोय. म्हातारा माणूस असंच काहीतरी म्हणतो.

५

बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर मी ट्रॉयला म्हणालो, सोडून देऊ. मालकाला सांगू माझे गुडघे चालत नाहीत, दुसरं मशीन मागवा.

तो ताटातलं खारं मांस काट्यानं उगाच इकडून तिकडे करत होता. "आणि कंपनीनं त्या पिशव्या उघडल्यावर? मी पळालो असंच दिसेल. मूल व्हायचंय, क्लेम. नरेलला काय सांगू, तुझ्या नवऱ्याला आता कुणी काम देणार नाही?"

"ती काही म्हणणार नाही."

"म्हणूनच."

मग काटा खाली ठेवून म्हणाला, "कोणीतरी आहे तिथे. चालतो, बादली उचलतो. म्हणजे त्याला धरता येईल."

"धरून काय करशील?"

"यास्नापुढे उभा करीन. म्हणेन, घे, याला विचार."

मला त्याची दया आली. इतका सरळ माणूस. त्याला वाटत होतं की आपण खरे आहोत एवढं दाखवलं की पुरे.

६

गुरुवारी यास्ना नमुन्यांच्या पिशव्या घेऊन पहाटेच कालगुर्ली शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. सरोवरावर आम्ही दोघंच होतो, काठापासून दोन किलोमीटर आत. पश्चिमेला ढग दिसत होते. पाऊस लागला तर कवची विरघळते, तेव्हा ढग जवळ आले की मशीन तसंच टाकून आठ चाकांच्या छोट्या गाडीनं काठावर निघून यायचं, असा नियम.

अकराच्या सुमाराला ऊन पांढरं झालं. सरोवराची कड हलायला लागली. तिकडे रोजच पाणी दिसतं, आणि त्या पाण्यात टेकड्या उलट्या लटकतात. त्याला आम्ही सरावलेलो.

ट्रॉय माझ्या डावीकडे उभा राहून रॉड जोडत होता. त्याची मान माझ्यापासून हातभर अंतरावर, घामानं मिठाच्या रेघा उठलेली. मी सहज वर बघितलं.

ओळींपाशी एक माणूस वाकला होता. त्यानं बादली पालथी घातली. सरळ झाला. आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. खांद्यानं रुंद.

उन्हात तो कमरेपाशी तुटल्यासारखा दिसत होता, वरचा भाग वेगळा, पाय वेगळे. मी म्हटलं, उन्हाचा खेळ आहे. ट्रॉयचीच आकृती हवेवर उठून तिकडे दिसते आहे. तसं होतं, असं मी ऐकलं होतं. पण ट्रॉयचे दोन्ही हात रॉडवर होते, आणि त्या माणसाचे खाली होते.

मी मशीन बंद करायला नको होतं. मशीन चालू असतं तर ट्रॉय मान वर न करता काम करत राहिला असता. पण माझा हात आपोआप गेला. कंप्रेसर थांबला, ट्रॉयनं वर बघितलं, आणि त्याला दिसला.

त्यानं रॉड सोडला आणि चालायला लागला.

"ट्रॉय," मी म्हणालो. मोठ्यानं नाही. तोंडातल्या तोंडात.

तो दुसरा मागे सरत गेला नाही, पळाला नाही. वळला आणि ट्रॉयच्याच चालीनं सरोवराच्या मध्याकडे चालत राहिला. शेवटची खुंटी मागे पडली. दोघं उन्हात शिरले तसे लांब आणि बारीक होत गेले. मग दोघांच्यामध्ये किती अंतर आहे ते कळेना. मग पुढचा कोण ते कळेना.

पश्चिमेला वीज चमकली.

मी मशीनच्या पायरीवर चढलो आणि पंजा डोक्यावर ठेवला. माझ्याकडे ये.

दोघं थांबले. दोघं वळले. दोघांनी हात वर करून समजलं म्हणून खूण केली.

त्यातला एक निघाला.

७

तो यायला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. मी पंजा डोक्यावरून काढला नाही. तो जवळ येत गेला तसा ट्रॉय दिसत गेला. नाक, हनुवटीवरची जखमेची खूण, खिशातून लोंबणारा हातमोजा.

"कुणी नाही तिथे," तो म्हणाला. "उन्हाचं आहे सगळं. चल, पाऊस येतोय."

"तू ठीक आहेस?"

"तहान लागलीय."

त्यानं पाण्याची बाटली संपवली. गाडीत बसला. मी त्याच्या बुटांकडे बघितलं. टार्बटवर दहा पावलं चालला तरी माणसाच्या बुटांना पायलीभर चिखल चिकटतो. त्याच्या बुटांवर नुसती पांढरी पूड होती. मधल्या भागात वर मीठ जाड असेल, कोरडं असेल. मी तिकडे कधी गेलो नव्हतो. मला काय माहीत?

गाडी चालू करताना मी मागे बघितलं.

दुसराही निघाला होता. पुष्कळ लांब होता, पण येत होता. एक हात डोक्यावर ठेवलेला, माझ्यासारखा. मी बोलावलं म्हणून येत होता.

मी हाक मारायला हवी होती. मशीन बंद होतं, वारा नव्हता, त्या शांततेत आवाज दोन किलोमीटर गेला असता. नाव घेतलं असतं तर ज्याचं नाव त्यानं ओ दिली असती. पण माझ्यासारख्याच्या घशातून नाव निघत नाही. आम्ही खूण करतो, आणि खुणेत नाव नसतं. ज्याला दिसेल तो येतो.

"क्लेम," माझ्या शेजारचा म्हणाला. त्यानं मागे वळून बघितलं नाही. "चल ना."

मी गाडी हाकली.

८

पाऊस आला नाही. ढग उत्तरेकडे निघून गेले.

शुक्रवारी सकाळी आम्ही अर्धवट राहिलेलं भोक पुरं करायला परत गेलो. रात्रभर मी त्याच्या घोरण्याकडे लक्ष देत पडलो होतो. तसाच घोरत होता. सकाळी पहिली बादली पालथी घातल्यावर तो दोनदा ठोकतो का, ते मी बघितलं. दोनदा ठोकलं. माझा जीव भांड्यात पडला. मग मनात आलं, ऐकणाऱ्यानंही इतके दिवस ऐकलंच असेल.

मशीनपाशी पावलं होती. मधल्या भागाकडून आलेली, शेवटी शेवटी लांब टांगा पडलेल्या, धावल्यासारख्या. ती ओल्या चिखलानं भरलेली होती. जिथे आमची गाडी उभी होती तिथे एकाच जागी पुष्कळ तुडवलेलं होतं. तिथून ती गाडीच्या चाकोरीतून काठाकडे गेली होती, दोन किलोमीटर, एकदाही बाजूला न वळता. काठावर लाल जमीन लागते. ती दगडासारखी कडक असते, तिथे पाऊल उमटत नाही.

ट्रॉय माझ्या शेजारी उभा राहून बघत होता.

"माझीच असतील," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर जास्तीचा ढीग कधी आला नाही. यास्नानं अहवालात मोजणीची चूक असं लिहिलं आणि कोरड्या मातीच्या त्या पिशव्या तिनं कुठे टाकल्या ते मी विचारलं नाही. पुढे कंपनीनं त्या जागी आणखी खोल जाऊन बघितलं. नुसता खडक.

घरी पोचलो तेव्हा नरेल दारात आली. तिनं त्याला मिठी मारली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बायकोला कळायला हवं. तिचा चेहरा उजळला, बस. मला तेवढं पुरायला हवं होतं.

९

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मुलगी झाली, तिचं नाव एल्सी. गुडघे गेल्यापासून मी त्यांच्याकडेच असतो, मागच्या खोलीत. ट्रॉयबद्दल माझ्याकडे एकही वाईट शब्द नाही. थंडीत माझे पाय दुखतात तेव्हा गरम पाण्याची पिशवी तोच आणून देतो. एल्सीला खांद्यावर बसवून फाटकापर्यंत नेतो. असा बाप मीसुद्धा नव्हतो.

पण टार्बटपासून आमचं गाव नव्वद किलोमीटर आहे आणि रस्ता सरळ आहे. चालणारा माणूस आज नाही उद्या पोचतो. मी त्याला बोलावलं होतं. तो येईल तेव्हा कदाचित तो माझा जावई असेल, थकलेला, मला एवढंच विचारायला आलेला की मला टाकून का गेलात. कदाचित नसेल. ते मला दार उघडल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून झोपण्याआधी मी मागच्या दाराची कडी काढून ठेवतो. नरेल म्हणते, बाबांना विसरायला होतं हल्ली.

ट्रॉय काही म्हणत नाही. माझ्या खोलीतला दिवा विझला की थोडा वेळ थांबतो, मग अनवाणी येतो आणि कडी लावतो. इतक्या हळू, की मला जाग येऊ नये.